खोली रस्त्याकडची की चौकाकडची?

विद्यार्थ्यांना प्रवेशपरीक्षेसाठी किंवा विज्ञान प्रदर्शनासाठी परगावी घेऊन जाण्याचे काम पुष्कळ शिक्षकांच्या वाट्याला येते. संध्याकाळी लॉजवर पोहोचावे, काउंटरवर वहीत नावे लिहावीत, आणि मॅनेजरने विचारावे, "रस्त्याकडची देऊ की आतली?" आतली म्हणजे इमारतीच्या मधल्या चौकाकडे, किंवा मुंबई-पुण्याकडे ज्याला सरळ 'डक्ट' म्हणतात त्या मोकळ्या पोकळीकडे खिडकी असलेली. पॅरिसमधल्या जुन्या हॉटेलांतही नेमका हाच प्रश्न विचारतात: 'सूर रू' की 'सूर कूर', म्हणजे रस्त्यावरची की चौकावरची. बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. आतली द्या, शांत असेल. सकाळी नऊ वाजता ज्या मुलांना तीन तासांचा पेपर सोडवायचा आहे, त्यांच्या दृष्टीने या उत्तराला महत्त्व आहे, कारण झोप मोडलेल्या मेंदूकडून गणिते नीट सुटत नाहीत. मग ते उत्तर बरोबर आहे का? आमच्या मते अर्धे बरोबर आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायला नववी ते बारावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

प्रथम मोजमापाची भाषा पाहू. ध्वनीची पातळी डेसिबेलमध्ये मोजतात. दर चौरस मीटरला एका वॉटचा एक लक्ष कोट्यंश भाग, म्हणजे १० चा उणे बारावा घात इतकी तीव्रता म्हणजे शून्य डेसिबेल. तीव्रता दहापट झाली की १० डेसिबेल वाढतात, शंभरपट झाली की २०. आपल्या कानाला मात्र १० डेसिबेलची वाढ साधारण दुप्पट मोठा आवाज वाटते. हे लॉगरिथमचे प्रमाण असल्याने दोन पातळ्यांची सरासरी नेहमीच्या बेरीज-भागाकाराने काढता येत नाही. अर्धा तास ५० डेसिबेल आणि अर्धा तास ८० डेसिबेल असेल तर सरासरी ६५ नव्हे, जवळजवळ ७७ येते. तीव्रता निम्मी झाली म्हणजे फक्त ३ डेसिबेल कमी होतात. ५० डेसिबेलचा वाटा इतका क्षुल्लक असतो की तो हिशेबात दिसतही नाही.

याच गणितातून रस्त्याकडच्या खोलीचा खरा दोष उघड होतो. समजा, मध्यरात्री रस्ता अगदी सामसूम आहे. तासाभरात एकच ट्रक येतो आणि खिडकीशी ९० डेसिबेल भरेल असा हॉर्न दोन सेकंद वाजवतो. ३,६०० सेकंदांतले दोन सेकंद म्हणजे १,८०० वा भाग. त्याचे डेसिबेल होतात उणे साडेबत्तीस. म्हणजे बाकीचा तास पूर्ण शांत असूनही त्या एका हॉर्नमुळे तासाची सरासरी सुमारे ५७ डेसिबेल भरते. आपल्याकडे २००० साली लागू झालेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागासाठी ४५ आणि व्यापारी भागासाठी ५५ डेसिबेल ही मर्यादा आहे. एका हॉर्नने त्या तासाची मर्यादा ओलांडली!

झोपेला सरासरीपेक्षाही ही टोके जास्त बाधतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत शयनगृहाच्या आत रात्रभराची सरासरी ३० डेसिबेल सुचवली, पण त्याबरोबर एकेकट्या आवाजासाठी ४५ डेसिबेल अशी वेगळी मर्यादाही घातली. सतत एकसारखा चालणारा आवाज मेंदू बराचसा बाजूला सारतो. अवचित येणारा आवाज सारत नाही. "आम्हाला रस्त्याची सवय आहे" असे सांगणारे खोटे बोलत नसतात, त्यांना खरोखरच जाग आल्याचे आठवत नाही. पण झोपेत हृदयाचे ठोके वाढणे, झोप खोलवरून वर येणे, या क्रिया सवयीनंतरही पुष्कळ प्रमाणात चालू राहतात. आणि लॉजवर एका रात्रीसाठी आलेल्या मुलाला तर सवयही नसते.

"मग वरच्या मजल्यावरची द्या," असा पुढचा तोडगा असतो. तो कितपत उपयोगी आहे ते पायथागोरसला विचारावे. रस्त्याची मधली रेषा इमारतीपासून ८ मीटरवर धरली आणि पहिल्या मजल्याची खिडकी रस्त्यापासून ४ मीटर उंच असली, तर तिरपे अंतर सुमारे ९ मीटर होते. सहाव्या मजल्याची खिडकी १९ मीटरवर असेल तर अंतर सुमारे साडेवीस मीटर. अंतर सव्वादोन पटींहून थोडे अधिक झाले. आता ध्वनीचा उगम बिंदूसारखा असेल, म्हणजे एकच वाहन असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर पातळी ६ डेसिबेलने उतरते. पण वाहता रस्ता हा बिंदू नसून रेषा आहे, आणि रेषेचा ध्वनी गोलाकार न पसरता नळकांडीच्या आकारात पसरतो. तेथे अंतर दुप्पट झाल्यावर फक्त ३ डेसिबेल कमी होतात. पाच मजले चढून पदरात पडतात साडेतीन डेसिबेल. समोर तितकीच उंच इमारत असेल तर तिच्यावरून परावर्तित होऊन येणारा ध्वनी यातलाही काही भाग परत घेतो. एकट्या हॉर्नच्या बाबतीत मात्र फायदा जास्त, सुमारे ७ डेसिबेल होतो; कारण तेथे उगम बिंदूसारखा आहे.

इमारत मध्ये आणून बसवली की गोष्ट वेगळी होते. चौकाकडच्या खिडकीला रस्ता दिसत नाही; ध्वनीला छपरावरून वळून यावे लागते. अडथळ्याच्या कडेवरून तरंग वळण्याच्या या क्रियेला विवर्तन म्हणतात, आणि तरंगलांबी जितकी मोठी तितके ते सहज घडते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. १०० हर्ट्‌झच्या घरघरीची तरंगलांबी ३.४ मीटर, तर ४,००० हर्ट्‌झच्या कर्कश ध्वनीची केवळ साडेआठ सेंटिमीटर. म्हणून चौकात ट्रकच्या इंजिनाची घरघर पोहोचते, पण ब्रेकची किंकाळी आणि हॉर्नचा बोचरा भाग वाटेतच गळतो. आपला कान २,००० ते ५,००० हर्ट्‌झच्या टापूत सर्वांत तीक्ष्ण असल्याने जे गळते ते नेमके त्रासाचे असते. युरोपीय संघाच्या २००२ च्या पर्यावरणीय ध्वनिविषयक निर्देशात 'शांत दर्शनी बाजू' अशी एक संकल्पना आहे: इमारतीच्या सर्वांत गोंगाटाच्या बाजूपेक्षा जिथे पातळी २० डेसिबेलहून अधिक कमी आहे ती बाजू. तीव्रतेच्या भाषेत हा शंभरावा भाग झाला. मजले चढून हे कधीच मिळाले नसते.

येथपर्यंत "आतली द्या" हे उत्तर बरोबर ठरते. अट एवढीच, की चौक चारही बाजूंनी बंद हवा. एका बाजूला मोटारी आत येण्यासाठी रुंद बोळ असेल तर ध्वनी वळसा न घालता सरळ आत येतो.

फटीचे हे गणित खिडकीलाही लागू पडते आणि ते वर्गात जरूर मांडण्यासारखे आहे. समजा, भिंत आणि काच मिळून ध्वनीचा लक्षावा भाग आत सोडतात, म्हणजे ५० डेसिबेल अडवतात. आता त्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाइतकी फट ठेवली. फटीतून ध्वनी शंभर टक्के आत येतो, म्हणजे एकूण ध्वनीचा शंभरावा भाग आत आला. अडवणूक ५० वरून २० डेसिबेलवर घसरली. हजाराव्या भागाइतकी फट असली तरी अडवणूक ३० च्या पुढे जात नाही. खिडकी १.२ मीटर चौरस असेल तर तिचा शंभरावा भाग म्हणजे १.२ मीटर लांब आणि फक्त १२ मिलिमीटर रुंद फट. लॉजमधल्या सरकत्या खिडक्यांची झडप नीट न बसल्याने इतकी फट सहज राहते. म्हणून रस्त्याकडची खोली घेताना काच किती जाड आहे हे विचारत बसण्यापेक्षा खिडकी घट्ट मिटते का ते हाताने लावून पाहावे. न मिटणाऱ्या खिडकीच्या फटीत घडी घातलेले वर्तमानपत्र कोंबणे हा उपाय वाटतो तितका हास्यास्पद नाही.

चौकाचा स्वतःचा आवाज

आता उरलेले अर्धे उत्तर. चौक रस्त्याचा ध्वनी बाहेर ठेवतो, पण चौकातच निर्माण झालेला ध्वनी आतच ठेवतो. स्वयंपाकघराचा धूर ओढणारा पंखा, वातानुकूलन यंत्रांचे बाहेरचे डबे, पहाटे चालू होणारा पाण्याचा पंप, रात्री साडेअकराला घासायला टाकलेली पातेली, हे सगळे सहसा चौकातच असते, कारण दर्शनी बाजूला ते मालकाला नको असते.

बंदिस्त जागेत ध्वनी किती रेंगाळतो याचा पहिला नीट अभ्यास हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी केला. १८९५ साली तेथील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळेनासे झाले, तेव्हा तरुण सॅबिनकडे ते काम आले. बाहेरचा आवाज नसावा म्हणून त्यांनी रात्री प्रयोग केले. शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या उचलून आणायच्या, त्या मांडून ध्वनी विरायला लागणारा वेळ मोजायचा, आणि सकाळच्या आत त्या जागेवर नेऊन ठेवायच्या, असा क्रम होता. त्यातून निघालेले सूत्र सोपे आहे: ध्वनी ६० डेसिबेलने उतरायला लागणारा वेळ (सेकंदांत) म्हणजे ०.१६ गुणिले जागेचे घनफळ, भागिले तिचे एकूण शोषण. शोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले त्याचा शोषणगुणांक, यांची बेरीज.

८ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि १६ मीटर उंच असा चौक घेऊ. घनफळ १,०२४ घनमीटर. वरचे आकाश परिपूर्ण शोषक आहे, गेलेला ध्वनी परत येत नाही, म्हणून त्याचे शोषण ६४ चौरस मीटर. चार भिंती ५१२ चौरस मीटर. गिलाव्याचा गुणांक ०.०३ धरला तर त्यांचे १५. फरशीचे एक. एकूण ८०. वेळ येतो सुमारे दोन सेकंद. बोळकांडासारख्या उभ्या जागेला सॅबिनचे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, तरी अंदाजाला ते पुरेसे आहे. दोन सेकंद हा वेळ एखाद्या मोठ्या संगीतसभागृहाला साजेसा आहे! पातेले पडल्याचा आवाज त्यात कसा घुमेल याची कल्पना करावी. शिवाय सततच्या उगमाचा ध्वनी भिंतींमध्ये साचत राहतो. उघड्या मैदानात दहा मीटरवरून ऐकू येणारे यंत्र याच चौकात तितक्याच अंतरावरून दहाहून अधिक डेसिबेल मोठे भरते.

शांततेचाही एक उपद्रव आहे. पाठीमागचा सततचा आवाज कमी झाला की एरवी झाकले जाणारे बारीक आवाज वर येतात: शेजारच्या खोलीतले बोलणे, समोरच्या खिडकीतला मोबाइल. रस्त्याकडे हेच आवाज वाहतुकीत बुडून जातात. अशा वेळी छताचा पंखा फक्त वाऱ्यासाठी लावायचा नसतो. त्याची एकसुरी घरघर बारीक आवाज झाकते, आणि ती अवचित नसल्याने झोपेला फारशी बाधत नाही.

हवा, उष्णता, उजेड

उंच इमारतींच्या दोन रांगांमधला रस्ता हवेच्या दृष्टीने दरीसारखा असतो. छपरांवरून आडवा वारा वाहत असेल तर दरीत हवेचा एक उभा भोवरा तयार होतो, आणि रस्त्याच्या पातळीवर हवा वरच्या वाऱ्याच्या उलट दिशेने वाहते. मुंबईचे मुख्य रस्ते दक्षिणोत्तर आहेत आणि दुपारचा वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. अशा रस्त्यावर मोटारींचा धूर पश्चिमेकडच्या रांगेच्या भिंतीकडे ढकलला जातो आणि तिच्या खिडक्यांवरून वर चढतो. समोरच्या रांगेला तुलनेने वरची ताजी हवा मिळते. ताज्या धुरातली काजळी आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांपासून चौकाकडची खोली बरीच वाचते. शहरभर पसरलेल्या अतिसूक्ष्म धुळीपासून मात्र ती फारशी वाचत नाही, आणि चौकात जनित्र असेल तर हा सगळा हिशेबच उलटतो.

चौक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाडा येतो. पुण्याचा विश्रामबागवाडा पाहिलेल्यांना त्याच्या चौकातला दुपारचा गारवा आठवत असेल. रात्री चौकातली फरशी उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडते, थंड झालेली जड हवा चौकात बसून राहते आणि सूर्य डोक्यावर येईपर्यंत टिकते. यासाठी फरशीला आकाश दिसले पाहिजे. १० मीटर चौरस आणि ६ मीटर उंच भिंतींच्या चौकात मध्यावरच्या फरशीचे सुमारे ४६ टक्के प्रारण थेट आकाशाकडे जाते. आपल्या ८ बाय ८ बाय १६ मीटरच्या चौकात हे प्रमाण जेमतेम ७ टक्के आहे. बाकीचे प्रारण भिंतींवरच जाऊन पडते. त्यामुळे लॉजच्या डक्टला वाड्याच्या चौकाचे गुण चिकटवू नयेत.

उलट त्यात उष्णता ओतली जाते. एक टनाचे वातानुकूलन यंत्र खोलीतून साडेतीन किलोवॉट उष्णता काढते, त्यासाठी सुमारे १.१ किलोवॉट वीज घेते आणि दोन्हींची बेरीज, ४.६ किलोवॉट, बाहेर सोडते. अशी दहा यंत्रे चौकात असली तर ४६ किलोवॉट झाले. चौकातल्या हवेचे वस्तुमान सव्वाबाराशे किलोग्रॅमच्या आसपास. हवा जागची हललीच नाही तर तिचे तापमान दर २७ सेकंदांना एक अंशाने वाढेल. अर्थात तापलेली हवा वर चढते म्हणून तसे होत नाही. पण ती चढते तुमच्या खिडकीसमोरूनच. वातानुकूलन नसलेली खोली अशा चौकाकडे घेणे म्हणजे इतरांच्या खोलीतली उष्णता विकत घेणे होय.

उजेडाचे थोडक्यात सांगता येईल. तळमजल्यावरच्या खिडकीला समोरची भिंत ६० अंशांपर्यंत आकाश झाकते, चौथ्या मजल्यावर १७ अंशांपर्यंतच. पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्यही ४८ अंशांच्या वर चढत नाही. तळमजल्याच्या खोलीत त्या दिवशी ऊन पोहोचणारच नाही. रात्रीपुरते राहणाऱ्याला याचे काय, असे कोणी म्हणेल. पण बिछान्याचा कुबट वास बहुधा याच खोल्यांना असतो.

एक गोष्ट मात्र झोपेपेक्षाही महत्त्वाची आहे. १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे दिल्लीच्या करोल बाग भागातल्या एका हॉटेलला आग लागून १७ माणसे मृत्युमुखी पडली. अशा आगींत ज्वाळांपेक्षा धूर जास्त बळी घेतो. रस्त्याकडच्या खिडकीपर्यंत अग्निशामक दलाची शिडी पोहोचू शकते. आतल्या चौकात गाडी जात नाही. आणि उंच, अरुंद चौक धुराड्यासारखे काम करतो. खालच्या मजल्यावरचा तप्त धूर त्यातून वर येतो आणि वरच्या उघड्या खिडक्यांतून आत शिरतो. म्हणून आतली खोली घेतली तर सामान टाकण्याआधी मुलांसह दुसरा जिना शोधून त्यावरून खाली उतरून पाहावे, त्याचे दार कुलूपबंद नाही याची खात्री करावी, आणि खोलीपासून जिन्यापर्यंत मध्ये किती दारे लागतात ती मोजून ठेवावी. धुरात दिसत नाही, पण हाताने दारे मोजता येतात. दुसरा जिना नसेल किंवा बंद असेल तर आम्ही शांततेचा विचार सोडून रस्त्याकडची, खालच्या मजल्यांवरची खोली मागू.

एरवी आमची पसंती चौकाकडच्या वरून दुसऱ्या मजल्याला असते. तेथे आकाश पुरेसे दिसते, आणि गच्चीवरच्या टाकीचा व पंपाचा आवाज डोक्यावर नसतो. खोली ताब्यात घेण्याआधी खिडकी उघडून एकदा टाळी वाजवावी आणि खाली वाकून यंत्रांचे डबे मोजावेत. एवढ्याने बरेच कळते.

ज्या शाळांची इमारत मधल्या पटांगणाभोवती आहे, त्यांना हा सगळा विषय लॉजवर न जाता तपासता येईल. मोबाइलवर ध्वनिपातळी दाखवणारी साधने मिळतात. त्यांचे आकडे खऱ्या पातळीपेक्षा बरेच चुकू शकतात आणि दोन मोबाइल एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून एकच मोबाइल वापरावा. आधी रस्त्याकडच्या व्हरांड्यात दहा मिनिटे, मग पटांगणाकडच्या व्हरांड्यात दहा मिनिटे, दर दहा सेकंदांना आकडा लिहावा. प्रत्येकी साठ आकडे होतील. त्यांची साधी सरासरी आणि तीव्रतेत बदलून काढलेली सरासरी, अशा दोन्ही काढाव्यात. रस्त्याकडच्या आकड्यांत या दोन सरासऱ्यांतले अंतर सहसा जास्त निघते, ते हॉर्नमुळे. नंतर हाच प्रयोग मधल्या सुटीत करावा. पटांगणाकडचा आकडा रस्त्याच्या वर गेला तर पटांगणाची लांबी, रुंदी आणि भिंतींची उंची मोजून त्याचा हिशेब सॅबिनच्या सूत्राने मुलांनाच मांडायला द्यावा.